माझ्या दातांचे लोखंड

मी मका दळणारी एक जुनी चक्की आहे, आणि मित्रांनो, मला राग आलेला आहे. म्हातारी मंडळी बोलायला बसली की आधी खोकतात, मग आठवणी काढतात आणि जेवायची वेळ झाली की मुद्द्यावर येतात. मी मुद्दा आधीच सांगून टाकते. जे काम मी केलेच नाही त्याबद्दल माझे कौतुक झाले, आणि पुढे त्याच कामासाठी मला लबाड ठरवण्यात आले. लबाडी कोणाची होती, ते आता तुम्हीच ऐका.

तुमच्या घराजवळच्या गिरणीत असते तेवढी मी मोठी नाही. शिवणयंत्राएवढी उंची, वर पत्र्याचे नरसाळे, पोटात दोन दातेरी तबकड्या आणि खाली पिठासाठी एक खण. एक तबकडी जागच्या जागी घट्ट बसलेली, दुसरी तिच्यासमोर गरगर फिरणारी. मूठभर दाणे वरून टाकले की त्या दोघींच्या मध्ये सापडून त्यांचे पीठ होते. ज्या कारागिराने माझे पोलादी दाते कापले, तो कानावर पेन्सिल अडकवून काम करायचा. प्रत्येक दात त्याने अंगठ्याने चाचपून पाहिला आणि शेजारच्याला म्हणाला, "ही पोरगी दगडसुद्धा खाईल बघ."

दगड काही माझ्या वाट्याला आले नाहीत. मी एका बियाणे संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत आले. खोली लहान होती. एका बाजूला तराजू, दुसऱ्या बाजूला मी आणि मध्ये एक खिडकी. खिडकीतून मक्याची शेते दिसत. तिथे नाना जातींचा मका पिकवला जाई आणि त्यात तेल किती, प्रथिने किती, हे पाहण्यासाठी त्याचे पीठ माझ्याकडून करून घेतले जाई. माझे पीठ मैद्यासारखे मऊ पडायचे. पाहुणे आले की मला मुद्दाम चालू करून दाखवत. तेव्हा मी तरुण होते आणि मला ते आवडायचे, खोटे कशाला बोलू?

मला चालवणाऱ्या बाईंना सगळे शंकाताई म्हणत. त्यांचे खरे नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढेच. नमुन्याच्या पाकिटावर आठ लिहिले आहे की तीन, अशी शंका आली तर त्या पाकीट घेऊन शेतापर्यंत चालत जात आणि खात्री करून परत येत. दर दळणानंतर ब्रशने माझे पोट साफ करत. लोक हसायचे. "ताई, चक्की आहे ती, बाळ नाही," असे कोणी म्हटले की त्या म्हणत, "बाळ रडून सांगतं तरी. ही सांगेल का?"

शेतातले काम पाहणाऱ्या बाईंचे नाव पडले होते कणीसबाई. त्या पैदासकार होत्या. म्हणजे दोन चांगल्या जातींचा संकर करून तिसरी, त्यांच्याहून चांगली जात तयार करणे हे त्यांचे काम. एके दिवशी डोंगरउतारावरच्या गावांत फिरणाऱ्या एक परिचारिका त्यांना भेटायला आल्या. त्यांनी मुलांच्या वजनांची वही उघडली आणि म्हणाल्या, "आमच्याकडे सकाळी मका, दुपारी मका, संध्याकाळी मका. पोट भरतं हो या मुलांचं, अंग भरत नाही. नखं पांढरी पडलीत. वर्गातून पटांगणापर्यंत धावलं तरी धाप लागते. मी गोळ्या देते, पण तुमच्या मक्यातच काही घालता नाही का येणार?"

कणीसबाई म्हणाल्या, "घालता नाही येणार. पण ज्या मक्यात ते मुळातच थोडं जास्त आहे, तो शोधून वाढवता येईल. वेळ लागेल."

त्या दिवसापासून केंद्राचे काम बदलले. लोह आणि जस्त, हे दोन पदार्थ माणसाला चिमूटभरच लागतात, पण ती चिमूट नसेल तर मूल वाढत नाही. ज्या मक्यात हे दोन्ही जास्त, असा मका कणीसबाईंना घडवायचा होता. कोवळ्या कणसाला केस फुटायच्या आत त्या त्याच्यावर कागदी पिशवी चढवत, म्हणजे वाऱ्यावरून भलत्याच झाडाचे पराग येऊन बसायला नकोत. मग सकाळी दव वाळले की निवडलेल्या झाडाच्या तुऱ्यातले पराग दुसऱ्या पिशवीत झटकून घेत आणि त्या कणसाच्या केसांवर शिंपडत. पिशवीवर नंबर, तारीख, सही. कणीस वाळले की दाणे माझ्याकडे. मी दळायचे, पलीकडच्या खोलीतले यंत्र लोह आणि जस्त मोजायचे. ज्यात लोह जास्त, त्याचे बी पुढच्या हंगामासाठी ठेवायचे आणि बाकीचे बाद. असे एक नाही, दोन नाही, अकरा वर्षे चालले. उन्हाने बाईंच्या हातांचा रंग कोपरापर्यंत एक आणि वर एक असा झाला होता.

पहिली सात वर्षे आकडे जागचे हलले नाहीत. किलोभर मक्यात वीस मिलिग्रॅम लोह, फार तर बावीस. आठव्या वर्षी मात्र आकडे चढू लागले. सव्वीस, तीस, अडतीस! त्यातही सत्तेचाळीस नंबरच्या ओळीने, म्हणजे त्या नंबरच्या मक्याच्या वंशाने, सगळ्यांना मागे टाकले. अकराव्या वर्षी त्या ओळीचा आकडा बावन्नवर गेला. कणीसबाई प्रयोगशाळेत आल्या, कागद पाहिला आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून ओंजळीत तोंड धरून रडल्या. जाताना त्यांनी माझ्या नरसाळ्यावर थाप मारली. "तुझेही उपकार आहेत गं," म्हणाल्या.

मित्रांनो, तेव्हा मला ओरडावेसे वाटत होते. कारण ते लोह कुठून येत होते, हे माझे मला ठाऊक होते. माझे दाते झिजले होते. सुरुवातीला जे दाते कडक आणि टोकदार होते ते आता चघळलेल्या पेन्सिलीसारखे झाले होते. झिजलेले पोलाद जाणार कुठे? प्रत्येक मुठीबरोबर ते डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांनी पिठात उतरत होते. सत्तेचाळीस नंबरचा दाणा गारगोटीसारखा कठीण होता. तो फोडताना मी सगळ्यात जास्त झिजायचे, म्हणून त्याचे आकडे सगळ्यात मोठे. चार हंगाम या लोकांनी लोह पाहून बी निवडले असे त्यांना वाटत होते, आणि प्रत्यक्षात ते निवडत होते कठीण दाणा. मक्यात लोह वाढतच नव्हते. मी मात्र संपत चालले होते.

हे कोणाला कळायला हवे होते? ज्यांना कळायला हवे होते त्यांना शंकाताई तीन वर्षे अर्ज लिहून कळवत होत्या. "दळणयंत्राच्या तबकड्या झिजल्या आहेत, कृपया बदलून मिळाव्यात." असे सात अर्ज. केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, प्रत्येक अर्जावर एकच शेरा मारत: "चालते आहे. सध्या गरज नाही." स्वतःच्या चष्म्याच्या काचेला किंचित चरा पडला तर हा माणूस दुसऱ्या दिवशी नवी बसवून आणायचा!

शंकाताईंच्या कपाटात एक काचेची बरणी होती. पहिल्या वर्षीचा साधा मका तिच्यात भरून ठेवला होता. दर हंगामात त्या त्यातले चार दाणे सगळ्या नमुन्यांबरोबर दळत. तोच मका, म्हणजे आकडा तोच यायला हवा. त्या वर्षी त्यांनी अकरा वर्षांचे आकडे एका रांगेत लिहिले आणि बराच वेळ ते पाहत बसल्या. वीसपासून निघालेली रांग तेहेतीसवर पोचली होती.

"बरणीत बसल्या बसल्या मक्यात लोह वाढलं का?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग त्यांनी चिनी मातीचा खल घेतला. सत्तेचाळीस नंबरच्या एकाच कणसाचे दाणे अर्धे अर्धे केले. अर्धे मी दळले, अर्धे त्यांनी खलात कुटले. माझ्या पिठाचा आकडा आला बावन्न. खलातल्या पिठाचा आला एकवीस.

त्या आधी कणीसबाईंकडे गेल्या, आणि बाई तडक प्रयोगशाळेत आल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ताई, माझी अकरा वर्षं तुम्ही या खलात घालून कुटताय, कळतंय का तुम्हाला? तुमच्याकडूनच काही चुकलं असेल. पुन्हा करा."

"तीनदा केलं, बाई."

"मग चौथ्यांदा करा!" दार आपटून त्या निघून गेल्या. बाईंवर मी आजही रागावू शकत नाही. ज्याच्यावर आयुष्याची अकरा वर्षे घातली ते पीठ होऊन खाली पडले, तर कोण शांत राहील?

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब स्वतः आले. शंकाताईंनी दोन्ही आकडे त्यांच्यापुढे ठेवले. साहेबांनी कागदाला हातही लावला नाही.

"अहवाल पाठवून झालाय," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात वाणाला मान्यता आहे. सगळ्या शाळांतल्या लोहाच्या गोळ्या बंद करून त्या जागी आपलं पीठ जाणार आहे. तीन शाळांत तर सुरूसुद्धा झालं."

शंकाताईंचा आवाज बारीक झाला. "गोळ्या बंद केल्या? साहेब, मग तर हे आजच्या आज थांबवायला हवं."

"तुम्ही फार थकलेल्या दिसता, ताई. आवक-जावक विभागात बसून काम असतं. उद्यापासून तिकडे जा." मग माझ्याकडे बोट करून ते शिपायाला म्हणाले, "आणि हे खटारं भंगारात काढ. नवीन यंत्र मागवलंय."

पाहिलेत? तीन वर्षे ज्यांना दोन तबकड्या बदलायला सवड झाली नाही, त्यांना एका दिवसात अख्खे यंत्र बदलायला सवड झाली. कारण मी तिथे असेपर्यंत पुरावा तिथे होता.

भंगाराची खोली म्हणजे मोडक्या खुर्च्या, फुटके नळ आणि एक पाती नसलेला पंखा. तिथे मी तीन आठवडे पडून होते. तुम्हाला वाटेल, मला टाकून दिल्याचे दुःख झाले असेल. दुःख कसले? माझा संताप होत होता. त्या तीन शाळांत मुले ताट पुढे ओढून मक्याचे पीठ खात असतील, त्यांची गोळ्यांची डबी कोणी तरी कपाटात बंद केली असेल, आणि इथे खरे काय ते माझ्या तोंडात होते आणि मला तोंड उघडता येत नव्हते!

एका दुपारी दार उघडले. कणीसबाई होत्या. दोन्ही तळहातांना पट्ट्या बांधलेल्या. त्यांनी मला खुर्च्यांखालून ओढून काढले आणि फडक्याने पुसू लागल्या. त्यांच्यामागे शंकाताई उभ्या होत्या.

"चाळीस नमुने कुटले मी, ताई," कणीसबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "खलात, माझ्या हातांनी. एकातही लोह वाढलेलं नाही. त्या दिवशी मी तुमच्यावर दार आपटलं..."

"ते राहू द्या, बाई. हिचा कोपरा धरा, जड आहे."

मान्यता देणाऱ्या समितीची बैठक एका मोठ्या दालनात होती. लांब टेबल, त्यावर काच, भिंतीवर सत्तेचाळीस नंबरच्या कणसाचे माणसाएवढे चित्र. कणीसबाईंनी काचेवर वर्तमानपत्र पसरले आणि मला त्याच्यावर ठेवले.

"हे काय आणलंय?" मोठ्या साहेबांनी विचारले.

"साक्षीदार," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझे बटण दाबले.

सत्तेचाळीस नंबरचे दाणे माझ्या पोटात पडले. इतक्या त्वेषाने मी आयुष्यात कधी दळले नव्हते. बाईंनी ते पीठ एका पांढऱ्या ताटात पसरले. एका लोहचुंबकाला पांढरा कागद गुंडाळला आणि पिठातून हळूहळू फिरवला. बाहेर काढला तेव्हा कागदावर दाढीच्या खुंटांसारखी बारीक काळी लव उभी राहिली होती. मग त्यांनी खलात कुटलेले पीठ दुसऱ्या ताटात घेतले. त्यातून तोच चुंबक फिरवला. कागद स्वच्छ निघाला.

"दाण्यात जे लोह असतं ते चुंबकाला असं चिकटत नाही," बाई म्हणाल्या. "हे चिकटलंय ते या चक्कीच्या दातांचं आहे. माझ्या मक्यात लोह वाढलेलं नाही. मी अकरा वर्षं काम केलं आणि माझा हा वाण नापास आहे. तसं मी लिहून आणलंय."

मग एक सदस्य घसा साफ करून म्हणाले, "तसं पाहिलं तर थोडं लोखंड पोटात गेलं तर बरंच की, नाही का?"

टेबलाच्या टोकाला वजनांच्या वहीवाल्या परिचारिका बसल्या होत्या. त्या उसळून म्हणाल्या, "मग मुलांना खिळेच चाटायला देऊ की! आणि ही चक्की काय आमच्या गावात आहे? तिथे वेगळ्या गिरणीत दळतात. बाई, मला सरळ सांगा. गोळ्या थांबवून दोन महिने झाले त्या तीन शाळांत. या दोन महिन्यांत माझ्या मुलांना काय मिळालं?"

"जास्तीचं काहीच नाही," कणीसबाई म्हणाल्या.

परिचारिका उठल्या, वही काखेत मारली आणि बैठक सोडून निघाल्या. दारात थांबून एवढेच म्हणाल्या, "मी गोळ्या सुरू करायला चालले. तुमचं ठरेल तेव्हा ठरू द्या."

तेव्हा मोठे साहेब उभे राहिले. चेहऱ्यावर खेद आणून म्हणाले, "यंत्र सदोष होतं. या यंत्राने आमची सगळ्यांची फसवणूक केली."

मी! मी फसवणूक केली! मित्रांनो, मी कधी सांगितले होते का, की हे लोह मक्याचे आहे? मी झिजत होते, आणि झिजताना आवाजही करत होते. शंकाताईंना तो ऐकू आला. साहेबांच्या खोलीत जाड दारामुळे तो पोचला नसेल, पण सात अर्ज तर पोचले होते ना? कणीसबाईंनी त्या सातही अर्जांच्या प्रती काढल्या आणि एकेक करून काचेवर मांडल्या, साहेबांच्या शेऱ्यासकट. "चालते आहे. सध्या गरज नाही." सात वेळा.

समितीने सत्तेचाळीस नंबर नामंजूर केला. आता तुम्ही म्हणाल, साहेबांना शिक्षा झाली असेल. त्यांची बदली झाली, मित्रांनो, याहून मोठ्या कचेरीत. शंकाताईंना आवक-जावक विभागातून परत यायला आठ महिने लागले, आणि 'आमचे चुकले' असे त्यांना कोणी म्हटले नाही. कणीसबाईंच्या हाताखालची माणसे काढून घेतली. जे लोक त्यांच्यासोबत फोटो काढायला धावत यायचे, ते जिन्यात समोर दिसल्या की मोबाइलमध्ये डोके घालू लागले. खरे बोलणाऱ्याला एवढे सोसावे लागावे, हे मला अजून पटलेले नाही.

पण शंकाताई परत आल्या त्या एक जुनी वही घेऊनच. "बाई, चक्कीच्या दातांत लोखंड आहे. जस्त नाही."

"मग?"

"मग जस्ताचे आकडे खोटे कसे असतील? सगळेजण लोहच बघत बसले. हे बारा नंबरचं बघा. दर हंगामात इतरांपेक्षा दीडपट जस्त. मऊ दाणा म्हणून लोहात मागे पडला, आणि आपण तो बाद केला."

कणीसबाईंनी वही हिसकावून घेतली. खिडकीपाशी नेऊन वाचली. आणि त्या हसल्या. आठ महिन्यांत त्या खोलीत कोणी पहिल्यांदाच हसत होते. "थोडं बी शिल्लक आहे का हो याचं?"

"मी टाकलं नव्हतं. मला शंका होती."

त्या दीड वाटी बियांपासून दोघींनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा पिशव्या, पुन्हा पराग, पुन्हा पाच वर्षे. या वेळी दळायला चिनी मातीच्या दातांची नवी चक्की होती, आणि बरणीतल्या मक्याचा आकडा दर आठवड्याला भिंतीवर लिहिला जाई, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही दिसेल असा. बारा नंबरचे बी डोंगरउतारावरच्या गावांत गेले. लोहाच्या गोळ्या चालूच राहिल्या. वर्षभराने परिचारिकांनी मुलांच्या रक्ताची तपासणी करून घेतली. जस्त थोडे वाढले होते. नव्या साहेबांनी अहवालात "लक्षणीय" असा शब्द सुचवला. कणीसबाईंनी "थोडे" असेच लिहिले आणि कोणी कितीही समजावले तरी तो शब्द खोडला नाही.

मी आता कपाटाच्या वर असते. माझ्या अंगावर एक चिठ्ठी आहे: "लोह तपासणीसाठी वापरू नये." तिचा मला अपमान वाटत नाही. ती चिठ्ठी खरी आहे, आणि चार वर्षे आधी लावली असती तर फार बरे झाले असते.

मित्रांनो, यंत्रांना तेल घाला, ती पुसा, त्यांचे झिजलेले भाग वेळेवर बदला, हे तर मी सांगेनच. ते सांगितल्याशिवाय माझ्यासारखीला चैन पडायचे नाही. पण आणखी एक मागणे आहे. तुमच्यातले काही जण मोठे होऊन जाड दाराच्या खोलीत, मोठ्या खुर्चीत बसतील. तेव्हा कोणी तरी एक कागद घेऊन दारात येईल आणि काही तरी झिजले आहे असे सांगेल. कदाचित बोलताना तिचा आवाज बारीक असेल, कदाचित सगळे तिला हसत असतील. तिला सात वेळा यायला लावू नका. पहिलाच अर्ज वाचा, आणि लगेच उठून तिच्याबरोबर बघायला जा.